सीसी लिमिटची फाईल उलटीकडून भरू नका: शाखेतल्या क्रेडिट ऑफिसरसाठी पहिल्या भेटीपासून नोटिशीपर्यंत

क्रेडिट डेस्कवर नवीन बसलेली मुलं-मुली एक चूक हमखास करतात, आणि सुरुवातीची दोन वर्षं मी पण तीच केली. पार्टी येते, म्हणते एक कोटीचं कॅश क्रेडिट (सीसी, म्हणजे ठरलेल्या लिमिटपर्यंत हवं तेव्हा काढता-भरता येणारं कर्ज) पाहिजे, वर म्हणते "साहेब, जागा दोन कोटींची हाय, मग अडचण काय?" आणि फाईल सुरू होते ती थेट जागेच्या व्हॅल्युएशनपासून. मग एक कोटी बसेल एवढा टर्नओव्हर काढायचा, तो टर्नओव्हर दिसेल अशी प्रोजेक्शन्स सीएकडून मागवायची, रेटिंग त्यात बसवायचं, आणि धंद्यातून पैसा खरंच फिरतोय का हे बघायचं राहून जातं ते राहूनच जातं. फाईल दिसायला पूर्ण असते, पण भरलेली उलटीकडून असते.

खाली जो क्रम दिलाय तो छोट्या उत्पादक युनिटच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जासाठी आहे, कारण माझ्या बघण्यात शाखेत सगळ्यात जास्त गोंधळ याच खात्यांत होतो. उदाहरण म्हणून शिरोली एमआयडीसीतलं एक मशिनिंग युनिट धरू, वर्षाची विक्री ३ कोटी, मागणी १ कोटी सीसीची. आकडे समजावण्यापुरते घेतलेत, पण हिशोब असाच करायचा.

टप्पा १: कागद गोळा करण्याआधी एक ओळ लिहा

कोऱ्या कागदावर लिहायचं: या कर्जाचे पैसे परत कुठून येणार? उत्तर "जागा विकून" असं येत असेल तर तिथेच थांबा. जागा हा दुसरा दरवाजा आहे, पहिला दरवाजा म्हणजे मालाची विक्री आणि त्याची वसुली. आपल्या युनिटसाठी ओळ अशी होईल: "तीन मोठ्या गिऱ्हाइकांकडून ५५-६० दिवसांत येणारी बिलाची रक्कम." ही ओळ फाईलच्या पहिल्या पानावर ठेवा, पुढचा प्रत्येक टप्पा तीच ओळ खरी आहे का ते तपासतो.

मग कागद. तीन वर्षांच्या ऑडिटेड बॅलन्स शीट आणि आयकर रिटर्न, किमान १२ महिन्यांची जीएसटी रिटर्न (विक्रीचं जीएसटीआर-१ आणि कर भरल्याचं ३बी), सगळ्या बँकांतल्या सगळ्या खात्यांची स्टेटमेंटं (एका खात्याचं आणून देतात आणि आपण गप्प घेतो), येणी-देणी वयानुसार लावलेली यादी, १२ महिन्यांची लाईट बिलं, उद्यम नोंदणी, हातातल्या ऑर्डरी, घरच्या लोकांच्या इतर फर्मची यादी, आणि जागेचे कागद.

सावधान: पार्टीने ईमेल केलेल्या पीडीएफवर विसंबू नका. जीएसटी रिटर्न पार्टीला समोर बसवून पोर्टलवरून उतरवून घ्या, बँक स्टेटमेंट अकाउंट ॲग्रीगेटरमधून (पार्टीच्या संमतीने बँकेकडून थेट माहिती आणणारी व्यवस्था) किंवा नेटबँकिंगमधून समोर काढा. बॅलन्स शीटवरचा यूडीआयएन हा सीएने काढलेला १८ अंकी नंबर आयसीएआयच्या (सीएंच्या संस्थेच्या) पोर्टलवर टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. आणि नुसता नंबर खरा आहे एवढंच बघू नका, तिथे भरलेले आकडे आणि तुमच्या हातातले आकडे एकच आहेत का ते पण जुळवा.

टप्पा २: माणूस आणि त्याचा गोतावळा

केवायसी, फर्मचा कमर्शियल क्रेडिट रिपोर्ट, प्रत्येक भागीदाराचा आणि जामीनदाराचा वैयक्तिक रिपोर्ट, विलफुल डिफॉल्टरची (ऐपत असून मुद्दाम कर्ज न फेडणाऱ्यांची) यादी, कंपनी असेल तर एमसीएवर (कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर) चार्ज सर्च, म्हणजे मालमत्तेवर आधीचा कुणाचा बोजा आहे का, आणि कंपनी असो नसो सर्साईवर (तारणांच्या केंद्रीय नोंदवहीवर) सर्च. सिबिलची कमर्शियल रँक १ ते १० असते आणि इथे १ चांगली, १० वाईट. वैयक्तिक स्कोअर जास्त म्हणजे चांगला या सवयीने नवीन लोक हे उलट वाचतात.

चूक इथे होते: प्रोप्रायटरचा रिपोर्ट स्वच्छ, म्हणून आपण खूश. पण त्याच पत्त्यावर बायकोच्या नावाने ट्रेडिंग फर्म, भावाच्या नावाने ट्रान्सपोर्ट, आणि तिथलं खातं दुसऱ्या बँकेत थकलेलं. घरातला पैसा एकाच विहिरीतून येतो हे आपल्याला माहीत असतं, तरी फाईल एकट्या फर्मची करतो. जीएसटी पोर्टलवर पॅन टाकून त्याच्या सगळ्या नोंदण्या बघा, बँक स्टेटमेंटमध्ये वारंवार येणारी-जाणारी नावं लिहून काढा, आणि सरळ विचारा की ही फर्म कुणाची.

टप्पा ३: विक्रीचा आकडा तीन बाजूंनी पकडा

हा टप्पा घाईत उरकू नका, एक पूर्ण दिवस द्या. विक्री तीन ठिकाणी दिसते: बॅलन्स शीट, जीएसटी, बँक खातं. तिन्ही जुळले पाहिजेत, पण सरळ नाही जुळत, आणि तिथेच लोक चुकतात.

पहिली गोष्ट, बॅलन्स शीटमधली विक्री जीएसटी सोडून असते आणि बँकेत येणारा पैसा जीएसटी धरून असतो. आपल्या युनिटची विक्री ३ कोटी, त्यावर १८ टक्के धरले तर बिलं झाली ३ कोटी ५४ लाखांची. वर्षाच्या सुरुवातीला येणी ४५ लाख होती, शेवटी ५५ लाख, म्हणजे १० लाख अजून बाजारात अडकले, म्हणून बँकेत यायला हवेत साधारण ३ कोटी ४४ लाख.

आता स्टेटमेंटमधली सगळी जमा मिळवली तर दिसतात ४ कोटी १० लाख. नवीन ऑफिसर इथे म्हणतो वा, क्रेडिट टर्नओव्हर तर विक्रीपेक्षा कितीतरी जास्त. थांबा. त्यातून स्वतःच्याच दुसऱ्या खात्यातून आलेले ३८ लाख काढा, घेतलेल्या कर्जाचे २० लाख काढा, परत गेलेल्या चेकचे ६ लाख काढा. राहिले ३ कोटी ४६ लाख. आता जुळलं. दोन-चार टक्क्यांचा फरक चालतो, टीडीएस कापून पेमेंट येतं, परतीचा माल असतो. पण १५-२० टक्के कमी येत असेल तर एक तर पैसा दुसऱ्या कुठल्या खात्यात जातोय जे आपल्याला दाखवलं नाही, किंवा विक्रीच फुगवलीय.

फुगवलेली विक्री ओळखायची एक खूण सांगतो. एकाच फर्मकडून खरेदी आणि तिलाच विक्री, रकमा जवळजवळ सारख्या, आणि पैसा सकाळी आला की संध्याकाळी गेला. जीएसटी पण भरलेला असतो म्हणून कागद चोख दिसतो, पण माल कुठे हललाच नाही. अशा बिलांची ई-वे बिलं (माल वाहतुकीचे ऑनलाईन कागद) मागा आणि गाडी नंबर बघा.

तपासा: पुढे जाण्याआधी या जुळवणीचा तक्ता फाईलला लागलाय का? तोंडी "जुळलं सर" याला काही अर्थ नाही.

टप्पा ४: बॅलन्स शीट वाचताना

रेशो सॉफ्टवेअर काढून देतं, पण सॉफ्टवेअरमध्ये आकडा कुठल्या रकान्यात टाकायचा ते आपण ठरवतो. तीन ठिकाणी लक्ष द्या.

एक, टर्म लोनचे (ठरलेल्या हप्त्यांनी फिटणाऱ्या कर्जाचे) पुढच्या १२ महिन्यांचे हप्ते. सीए बऱ्याचदा पूर्ण कर्ज लांब मुदतीत दाखवतात. आपल्या युनिटची चालू मालमत्ता १२० लाख, चालू देणी ८८ लाख, करंट रेशो (चालू मालमत्ता भागिले चालू देणी) आला १.३६, सगळे खूश. पण वर्षाचे १२ लाखांचे हप्ते चालू देण्यांत टाकले की देणी १०० लाख आणि रेशो १.२०. लोक ज्या १.३३ ला चांगलं धरतात त्याच्या वरून खाली आलो, फक्त एक रकाना बदलून.

दोन, येणी. ५५ लाखांची येणी ३ कोटी विक्रीवर काढली तर ६७ दिवस येतात, पण येण्यांत जीएसटी धरलेला आहे ना, मग ३ कोटी ५४ लाखांवर काढा, ५७ दिवस. पार्टी तोंडाने सांगते त्या उधारीशी हा आकडा जुळतो का ते बघा. पार्टी म्हणते गिऱ्हाईक ४५ दिवसांत देतं आणि हिशोब म्हणतो ५७, तर कुणाचं तरी बिल अडकलंय, नाव विचारा.

तीन, घरच्यांकडून घेतलेले हातउसने पैसे. आम्ही ते भांडवलात धरायचो आणि सँक्शननंतर तीन महिन्यांत ते आमच्याच सीसीतून काढून घेतलेले दिसायचे. भांडवलात धरायचे असतील तर बँकेचं कर्ज असेपर्यंत काढणार नाही असं लेखी घ्या, सँक्शनच्या अटीत घाला, आणि दरवर्षी बॅलन्स शीटमध्ये तो आकडा तेवढाच आहे का बघा. नाहीतर ते कर्जच आहे, कर्जातच धरा.

टप्पा ५: न सांगता भेट द्या

पहिली भेट सांगून द्या, दुसरी न सांगता, आणि शक्यतो दुसऱ्या शिफ्टला. किती मशिनं चालू आहेत, किती माणसं आहेत, मालावर धूळ-गंज किती आहे, गेटच्या रजिस्टरमध्ये गाड्या किती. मालकाशी बोलून झालं की सुपरवायझरशी बोला, काम किती आहे ते तो सहज बोलता बोलता सांगून जातो.

लाईट बिल हा माझा सगळ्यात आवडता कागद आहे. रुपये बघू नका, दर बदलतात, युनिट बघा. विक्री २० टक्के वाढली म्हणतात आणि युनिट आहे तिथेच, तर नीट उत्तर मिळेपर्यंत फाईल पुढे ढकलू नका. भाव वाढला असेल, जॉबवर्क बाहेर दिलं असेल, उत्तर असू शकतं, पण ते फाईलवर यायला हवं.

सावधान: मशिनिंग युनिटमध्ये दिसणारा सगळा माल पार्टीचा नसतो. गिऱ्हाईक कास्टिंग स्वतः पाठवतं, हे फक्त मशिनिंग करून देतात, तो माल चलनावर (माल पाठवल्याच्या चिठ्ठीवर) आलेला असतो आणि मालकी गिऱ्हाइकाची. एका शाखेत आम्ही असा २२ लाखांचा माल स्टॉकमध्ये मोजला होता, खातं बिघडल्यावर गिऱ्हाइकाचा ट्रक आला आणि माल घेऊन गेला, आम्ही काही करू शकलो नाही. चलनांची फाईल मागा, नुसता ढीग मोजू नका.

टप्पा ६: लिमिट काढणं

आता लिमिट. याआधी नाही. ५ कोटींपर्यंत लिमिट असलेल्या छोट्या युनिटसाठी रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीची टर्नओव्हर पद्धत सगळ्यांना पाठ असते: पुढच्या वर्षाच्या अपेक्षित विक्रीच्या २५ टक्के म्हणजे खेळत्या भांडवलाची गरज, त्यातले ५ टक्के पार्टीचे, २० टक्के बँकेचे. आपल्या युनिटची अपेक्षित विक्री ३ कोटी ६० लाख धरली तर गरज ९० लाख, पार्टीचे १८ लाख, बँकेचे ७२ लाख.

इथे दोन चुका ठरलेल्या. पहिली, पार्टीचे १८ लाख आहेत का ते कुणी बघतच नाही. वर दुरुस्त करून काढलेली चालू मालमत्ता १२० लाख वजा चालू देणी १०० लाख म्हणजे २० लाख, म्हणजे आहेत. ते ८ लाखच असते तर उरलेले १० लाख आधी आणायला लावायचे, मग लिमिट सोडायचं.

दुसरी चूक म्हणजे सुरुवातीला सांगितली तीच, एक कोटी पाहिजे म्हणून विक्री ५ कोटी लिहायची. ३ कोटीवरून एका वर्षात ५ कोटी, नवीन मशीन नाही, नवीन गिऱ्हाईक नाही, मग कसं? जास्तीची विक्री धरायची तर प्रत्येक लाखामागे ऑर्डर किंवा मशीन दाखवता आलं पाहिजे. आणि जास्त लिमिट देणं म्हणजे पार्टीवर उपकार नाहीत हे मनात पक्कं ठेवा, गरजेपेक्षा जास्त मिळालेला पैसा प्लॉटमध्ये, गाडीत, लग्नात जातो आणि मग कच्चा माल घ्यायला पैसा नसतो. लिमिट कमी बसतंय हे पार्टीला समोर बसवून आकड्यांसकट सांगा, धंदा करणाऱ्या माणसाला हिशोब कळतो.

सोबत टर्म लोन असेल तर परतफेडीचा हिशोब वेगळा. नफा १४ लाख, घसारा ६, टर्म लोनचं व्याज ८, झाले २८ लाख. भरायचे व्याज ८ आणि मुद्दल १२, म्हणजे २०. डीएससीआर (हातात येणारी रक्कम भागिले भरायची रक्कम) १.४. बरं दिसतं, पण मग नफा १४ ऐवजी ६ लाख धरून बघा, आकडा बरोबर १ वर येतो, म्हणजे एक मोठं गिऱ्हाईक सुटलं की हप्ता भरून हातात काही राहत नाही. हा दुसरा आकडा प्रपोजलमध्ये लिहा.

टप्पा ७: तारण, आता कुठे

वकिलाचा ३० वर्षांचा टायटल सर्च आणि बँकेने नेमलेला व्हॅल्युअर एवढं सगळे करतात. जे राहतं ते असं:

शेतजमीन. सातबारा हातात घ्या आणि एनए (बिगरशेती) आदेश आहे का बघा. शेतजमिनीवर सरफेसी कायदा (कोर्टात न जाता बँकेला तारण ताब्यात घेऊन विकू देणारा) चालत नाही, कलम ३१ मध्येच तसं आहे. दोन कोटींची जमीन तारण म्हणून फाईलला लागते आणि वसुलीच्या वेळी कळतं की त्या रस्त्याने जाताच येत नाही.

एमआयडीसीचा प्लॉट. तो भाडेपट्ट्याचा असतो, गहाण ठेवायला एमआयडीसीची लेखी संमती लागते. ती हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका, "अर्ज केलाय साहेब" यावर नाही.

प्रत्यक्ष जागा. स्वतः जा, चतुःसीमा कागदाशी जुळवा, शेजारच्याला विचारा ही जागा कुणाची. आत भाडेकरू असेल तर करार मागा.

तारणाऐवजी सीजीटीएमएसईची (छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी ट्रस्टची) हमी घेत असाल (१ एप्रिल २०२५ पासून मर्यादा ५ कोटींवरून १० कोटी झालीय) तर वरचे सहा टप्पे अजून कडक करा. मूल्यांकनात किंवा देखरेखीत ढिलाई दिसली तर क्लेम अडकतो.

टप्पा ८: कागदपत्रं आणि पैसे सोडणं

क्रम ठरलेला आहे: सँक्शन लेटरवर पार्टी आणि सगळ्या जामीनदारांच्या सह्या, योग्य स्टॅम्पवर करारनामे, हायपोथिकेशन (माल-येणी पार्टीकडेच ठेवून बँकेकडे तारण), गहाण, नोंदण्या, विमा, आणि मग पैसे. महिनाअखेरीच्या टार्गेटसाठी पैसे आधी सोडून कागद नंतर असं करू नका, पैसे गेल्यावर सही करायला कुणी वेळेवर येत नाही.

नोंदणीच्या तारखा पाठ करा. पार्टी कंपनी असेल तर चार्जची नोंद ३० दिवसांत. महाराष्ट्रात टायटल डीड ठेवून गहाण केलं असेल तर नोटीस ऑफ इंटिमेशन (सब-रजिस्ट्रारकडे द्यायची गहाणाची सूचना) पण ३० दिवसांत दाखल व्हायला पाहिजे. आणि सर्साई: २४ जानेवारी २०२० पासून सर्साईवर नोंद नसेल तर सरफेसीखाली तारणावर कारवाईच करता येत नाही. एवढ्या एका राहिलेल्या एंट्रीमुळे पुढचं सगळं अडतं.

विम्याच्या पॉलिसीवर बँकेचं नाव, योग्य रक्कम, आणि माल जिथे जिथे आहे ते सगळे पत्ते. कोल्हापूर-सांगलीकडच्या लोकांना २०१९ आणि २०२१ चा पूर आठवत असेल. पाणी कव्हर होतं का आणि गोडाऊनचा पत्ता जुना आहे का नवीन, हे पूर आल्यावर बघायच्या गोष्टी नाहीत.

टर्म लोनचे पैसे थेट मशीन विकणाऱ्याच्या खात्यात, पार्टीचा हिस्सा आधी भरून. विकणाऱ्याचा जीएसटी नंबर तपासा, कोटेशन दुसऱ्याकडून पण मागवून भाव बघा, मशीन आलं की सिरियल नंबरचा फोटो.

तपासा: पहिला पैसा सोडण्याआधी सँक्शनची प्रत्येक अट एका कागदावर लिहून पुढे तारीख आणि सही. एक जरी मोकळी असली तरी थांबा.

टप्पा ९: दर महिन्याची डीपी (ड्रॉइंग पॉवर, म्हणजे आजच्या माल-येण्यांवर किती उचलता येईल ती रक्कम)

माझ्या मते अख्ख्या प्रक्रियेत सगळ्यात जास्त चुकणारी जागा ही आहे, कारण काम कंटाळवाणं आहे आणि क्लार्ककडे ढकललं जातं.

स्टॉक स्टेटमेंट आलं: माल ६० लाख, येणी ५० लाख. मार्जिन (पार्टीने स्वतः घालायचा हिस्सा) मालावर २५ टक्के, येण्यांवर ४० टक्के. घाईत केलेला हिशोब असा: मालाचे ४५, येण्यांचे ३०, डीपी ७५ लाख. लिमिट ७२ लाख, खात्यात उचल ६४ लाख, सगळं ठीक.

आता नीट करू. मालातले १८ लाख उधारीवर आणलेत, अजून दिलेले नाहीत, ते वजा केले की ४२, त्याचे ७५ टक्के ३१.५ लाख. येण्यांतली ९ लाखांची बिलं ९० दिवसांपेक्षा जुनी आणि ५ लाख भावाच्या फर्मकडून येणं, दोन्ही काढली की ३६, त्याचे ६० टक्के २१.६ लाख. डीपी झाली ५३.१ लाख. उचल ६४ लाख. म्हणजे खातं १०.९ लाखांनी वर गेलंय आणि आपल्या सिस्टिमला त्याचा पत्ताच नाही, कारण आपण ७५ भरलेत.

खातं लिमिटच्या आत आहे म्हणून चांगलं असं नसतं, लिमिट आणि डीपी यातला जो कमी तो आकडा धरायचा.

स्टेटमेंट मागच्या महिन्याशी जुळवून पण बघा: मागचा माल अधिक खरेदी वजा खप बरोबर आजचा माल. खरेदी-विक्री जीएसटीमध्ये दिसतेच. सलग तीन महिने माल ६० च्या आसपास आणि गोल आकडे येत असतील तर मोजणी होत नाहीये, भेट द्या.

टप्पा १०: ९० दिवस मोजायला शिका

टर्म लोन सोपं आहे. रिझर्व्ह बँकेच्या १२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकातलंच उदाहरण घ्या: ३१ मार्च २०२१ चा हप्ता दिवसअखेर पूर्ण आला नाही, तर त्याच दिवशी एसएमए-० (एसएमए म्हणजे थकायला लागलेल्या खात्याची धोक्याची पायरी), ३० एप्रिलला एसएमए-१, ३० मेला एसएमए-२, आणि २९ जूनला एनपीए (थकीत कर्ज). तिमाहीची वाट कुणी बघत नाही, तारीख रोज दिवसअखेर लागते. "३० जूनपर्यंत भरतो" म्हणणाऱ्या पार्टीला २९ तारीख आधीच सांगून ठेवा.

सीसीमध्ये गडबड होते. खातं आउट ऑफ ऑर्डर, म्हणजे एनपीए, तीन प्रकारे होतं: उचल सलग ९० दिवस लिमिट किंवा डीपीच्या वर, किंवा उचल आत असूनही सलग ९० दिवस काहीच जमा नाही, किंवा जमा आहे पण मागच्या ९० दिवसांत लावलेल्या व्याजापेक्षा कमी. तिसरा लोक विसरतात. ७२ लाखांवर १० टक्क्यांनी तीन महिन्यांचं व्याज साधारण १ लाख ८० हजार, जमा झाले १ लाख २० हजार, खातं गेलं. सीसीला एसएमए-० नसतं, ३० दिवस वर राहिलं की थेट एसएमए-१, म्हणून पहिल्या महिन्यात सिस्टिम ओरडत नाही, तुम्हालाच बघावं लागतं.

अजून दोन. तीन महिन्यांपेक्षा जुन्या स्टॉक स्टेटमेंटवर काढलेल्या डीपीतली उचल अनियमित धरली जाते, आणि ती तशीच ९० दिवस राहिली तर धंदा चालू असूनही एनपीए. आणि रिन्युअल ठरल्या तारखेपासून १८० दिवसांत झालं नाही तरी एनपीए. पार्टी चांगली, पैसा फिरतोय, आणि खातं फक्त आपल्या टेबलावरच्या आळसाने गेलं असं मी बघितलंय, त्या माणसाला नंतर क्रेडिट रिपोर्टमुळे दुसरीकडे पण कर्ज मिळेना.

एक सुविधा एनपीए झाली की त्या कर्जदाराची सगळी कर्जं एनपीए, आणि परत स्टँडर्ड व्हायला सगळ्या खात्यांची सगळी थकबाकी भरावी लागते, नुसता एक हप्ता नाही.

यातलं काहीही व्हायच्या आधी खातं खुणा देतं. चेक परत जायला लागतात, उचल कायम लिमिटला टेकलेली, टीओडीची (लिमिटवर तात्पुरत्या जादा उचलीची) मागणी दर महिन्याला, जीएसटी रिटर्न उशिरा, रोख काढणं वाढतं, सीए अचानक बदलतो, फोन उचलणं बंद होतं. यातल्या दोन दिसल्या की त्याच आठवड्यात युनिटला जा.

टप्पा ११: खातं घसरायला लागलं तर

आधी बसून कारण शोधा. एका गिऱ्हाइकाचं पेमेंट अडकलंय का धंदाच बसलाय, दोन्हीला औषध वेगळं. २५ कोटींपर्यंत कर्ज असलेल्या एमएसएमईसाठी (सूक्ष्म, लघू, मध्यम उद्योगांसाठी) रिझर्व्ह बँकेची १७ मार्च २०१६ ची पुनरुज्जीवन चौकट आहे, समितीपुढे जाऊन दुरुस्ती, पुनर्रचना किंवा वसुली यातलं एक ठरवायचं. ती एसएमएच्या काळात वापरा, पार्टीला पण सांगा की तिला स्वतःहून अर्ज करता येतो, बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

सावधान: जुनं व्याज भरायला नवीन कर्ज देऊ नका. आज तारीख टळते, सहा महिन्यांनी ७२ चे ८५ लाख होतात, तपासणीत सापडतं आणि सही तुमची असते. एनपीए झालं तर सबस्टँडर्डला (एनपीएच्या पहिल्या वर्षात) १५ टक्के तरतूद, म्हणजे बँकेने नफ्यातून बाजूला ठेवायची रक्कम, म्हणजे ७२ लाखांवर १० लाख ८० हजार, आणि सुरुवातीपासून विनातारण असेल तर २५ टक्के.

नोटिशीची वेळ आलीच तर सरफेसीची कलम १३(२) ची नोटीस कर्जदार आणि प्रत्येक जामीनदाराला, रक्कम आणि मालमत्तेचं वर्णन अचूक, मुदत ६० दिवस. पार्टीने हरकत घेतली तर १५ दिवसांत कारणांसह लेखी उत्तर द्यायचं. हे उत्तर न देणं ही फार महाग पडणारी चूक आहे, पुढे डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) पार्टीचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो. त्यानंतर १३(४) चा ताबा, आणि प्रत्यक्ष ताब्यासाठी लागली तर कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांची मदत.

शेवटचं काम रोजच्या धावपळीत हमखास राहतं. वसुलीच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं असते, आणि ती संपायच्या आत पार्टीची सही असलेली थकबाकीची कबुली घेतली तर मुदत परत नव्याने सुरू होते, संपल्यानंतर घेतलेल्या सहीने नाही. म्हणून चालू, चांगल्या खात्यांची पण बॅलन्स कन्फर्मेशन दरवर्षी रिन्युअलसोबत घ्या, जामीनदारांच्या सह्यांसकट, आणि प्रत्येक खात्याची मुदत संपायची तारीख एका रजिस्टरला लिहून बदली होताना पुढच्या ऑफिसरच्या हातात द्या.